मॉरिशसचे ब्रिटिश गव्हर्नर: राज्य साहेबाचं की मळेवाल्यांचं?

गलबतवाला (धागाकर्ता)

सध्या मॉरिशसच्या ब्रिटिश काळाबद्दल मिळेल ते वाचतोय. ३ डिसेंबर १८१० ला फ्रेंचांनी बेट इंग्रजांच्या हवाली केलं आणि १२ मार्च १९६८ ला ते स्वतंत्र झालं. मधल्या १५७ वर्षांत पोर्ट लुईच्या गव्हर्नमेंट हाऊसात आणि मोका गावाजवळच्या ल रेद्वीच्या वाड्यात एकामागून एक गव्हर्नर राहून गेले. कुणी वॉटर्लू लढलेला, कुणी मुंबईत कारभार केलेला, तर एक चक्क इंग्लंडच्या पंतप्रधानाचा मुलगा.

माझं मत झालंय ते असं: यातला एकही खरा राज्यकर्ता नव्हता. शरणागतीच्या कलमांतच इंग्रजांनी लिहून दिलं होतं की रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती शाबूत राहतील. झेंडा बदलला, पण जमीन, साखर, वकिली, वर्तमानपत्रं हे सगळं फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडेच राहिलं. गव्हर्नर पाच-सहा वर्षांसाठी यायचा आणि पुढच्या बढतीकडे डोळे लावून बसायचा. मळेवाला मात्र पिढ्यान् पिढ्या तिथलाच. भांडण झालंच तर बोटीत कोण चढणार हे दोघांनाही ठाऊक असायचं.

तर प्रश्न असा, की मळेवाल्यांना खरोखर वाकवणारा एखादा गव्हर्नर तुम्हाला माहीत आहे का? आपल्याकडून हजारो माणसं तिकडे गेली, म्हणून हा विषय अगदीच परका वाटत नाही.

---

शंकासूर

"एकही नाही" असं कुणी ठोकून दिलं की माझे हात शिवशिवतात. पहिलाच घ्या ना, रॉबर्ट फार्क्वार. १८१० ते १८२३, मधला रजेचा काळ सोडला तर तोच. हा कंपनीच्या मुशीतला माणूस, आधी पेनांगचा कारभार पाहिलेला. त्यानं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की फ्रेंचांना दुखवायचं नाही. १८१६ च्या आगीत पोर्ट लुईचा मोठा भाग जळाला, तेव्हा शहर पुन्हा उभं करायला आणि बंदर खुल्या व्यापाराला मोकळं करायला त्यानं लंडनशी हुज्जत घातली. याला मुठीत असणं म्हणाल का? मी तर म्हणेन, त्याला बेट शांत ठेवायचं होतं आणि त्यानं ते ठेवलं.

---

जुनाट_वकील

शंकासूर, शांततेची किंमत कुणी दिली तेही लिहा. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश साम्राज्यात १८०७ पासून बंदी होती. तरी मॉरिशसच्या किनाऱ्यावर मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून माणसं चोरून उतरवली जात होती, आणि फार्क्वारनं तिकडे काणाडोळा केल्याचा आरोप पुढे लंडनच्या पार्लमेंटात झाला. त्यानंच १८१७ मध्ये मादागास्करच्या रादामा राजाशी गुलामांची निर्यात थांबवण्याचा तह केला, हेही खरं. एका हातानं तह, दुसऱ्या हातानं डोळ्यांवर पट्टी.

पण धागाकर्त्याच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा १८३२ चा. लंडननं जॉन जेरेमी नावाचा कट्टर गुलामीविरोधी वकील सरकारी वकिलांचा मुख्य म्हणून पाठवला. तो बंदरात उतरायच्या आधीच आद्रियां देपिने या वकिलाच्या पुढारीपणाखाली मळेवाल्यांनी बेट बंद पाडलं. दुकानं बंद, कोर्टं बंद, सगळे व्यवहार ठप्प, आणि हे जवळजवळ चाळीस दिवस. गव्हर्नर होता चार्ल्स कॉलव्हिल, नेपोलियनशी लढलेला सेनापती. त्यानं काय केलं? जेरेमीलाच परत बोटीत बसवलं! पुढच्या वर्षी लंडननं जेरेमीला पुन्हा पाठवलं, तेही नवा गव्हर्नर निकोलाय आणि जादा फौजेसकट, तेव्हा कुठे तो उतरू शकला; पण त्याच वर्षी त्याला पुन्हा परतावं लागलं.

आणि शेवटी १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली तेव्हा वीस लाख पौंडांवर भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या वाट्याला आली 'उमेदवारी', म्हणजे त्याच मालकाकडे आणखी काही वर्षं काम. ती १८३९ मध्ये संपली.

---

अर्धाकप

दुकानं बंद ठेवून नको असलेल्या अधिकाऱ्याची बदली करून घेणे. मला वाटायचं ही कला आपल्या तालुक्यातली.

बाकी वाचतोय. चहा ठेवलाय.

---

माईआत्या

थोडं अवांतर. मॉरिशसला हिंदुस्थानातून माणसं नेण्याची सुरुवात उसाच्या मजुरांपासून झाली असं सगळे धरून चालतात. त्याच्याही आधी फार्क्वारनं हिंदुस्थानातून कैदी मागवले होते. १८१५ पासून पुढची वीस-बावीस वर्षं बंगाल आणि मुंबई इलाख्यातून मिळून सुमारे दीड हजार काळ्या पाण्याचे कैदी तिकडे गेले. रस्ते, पूल, दगडफोड ही सगळी त्यांची कामं. १८३६ मध्ये तरुण डार्विन तिथे दहाएक दिवस थांबला, तेव्हा हे कैदी त्यानं रस्त्यावर पाहिले आणि त्यांच्या रुबाबाचं त्याला कौतुक वाटलं. त्याच मुक्कामात बेटावरच्या एका अधिकाऱ्यानं त्याला आपल्या हत्तीवर बसवून पाठवलं होतं, हा मला आवडणारा तपशील. बेटावर बहुधा तेवढा एकच हत्ती असावा.

म्हणजे गव्हर्नर मळेवाल्यांपुढे नमायचा, पण रस्ते बांधायला माणसं कुठून आणायची हे त्याला नेमकं कळत होतं.

---

तिकीटवेडा

मॉरिशस म्हटलं आणि मी गप्प बसलो तर माझं सदस्यत्व रद्द करा.

१८४२ ते १८४९ गव्हर्नर होता सर विल्यम गॉम, धाग्यात म्हटलेला वॉटर्लूवाला तोच. १८४७ च्या सप्टेंबरात बेटावर तिकिटं निघाली: एक पेनीचं नारिंगी, दोन पेन्सचं निळं, प्रत्येकी फक्त पाचशे. जोसेफ बर्नार्ड नावाच्या कारागिरानं ती कोरली आणि त्यावर 'पोस्ट ऑफिस' ही अक्षरं घातली. पुढच्या छपाईत तिथे 'पोस्ट पेड' आलं, त्यामुळे ही पहिली खेप दुर्मीळ झाली. त्यातली बरीचशी लेडी गॉमनं नाचाच्या आमंत्रणांवर चिकटवली. गव्हर्नरीणबाईंच्या पार्टीची पाकिटं आज कोट्यवधींची आहेत.

आता आपला धागा. याच नारिंगी तिकिटांची एक जोडी लावलेलं पाकीट १८५० च्या जानेवारीत पोर्ट लुईहून निघालं, ते मुंबईच्या बायबल सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हिंदुस्थानातल्या बाजारात एकाला सापडलं. संग्राहकांत त्याला 'बॉम्बे कव्हर' म्हणतात. मुंबईतल्या कुठल्या तरी कपाटात ते जवळपास पन्नास वर्षं पडून होतं, या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

पोर्ट लुईला गेलात तर बंदराजवळच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये दोन्ही तिकिटं आहेत. तिथल्या कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये ती विकत घेतली. उजेडानं खराब होऊ नयेत म्हणून दिवसातून थोडाच वेळ दिवा लावतात, नाहीतर बघायची प्रतिकृती.

---

अर्धाकप

@तिकीटवेडा, आजीच्या ट्रंकेत हात घालायला आत्ताच निघालो. सापडलं तर धागा सोडून जाईन, माफी असावी.

---

नर्मदेहर

गॉमनंतर आला तो सर जॉर्ज अँडरसन. हा मुंबईत कंपनीच्या नोकरीत मुरलेला आणि १८४१-४२ मध्ये मुंबईचा हंगामी गव्हर्नर होता. मॉरिशसला जेमतेम वर्षभर राहिला आणि सिलोनला बढतीवर गेला. तेवढ्यात पोर्ट लुईला नगरपालिका मिळाली, १८५० मध्ये.

धागाकर्त्यांचा 'पुढच्या बढतीकडे डोळे' हा मुद्दा इथे चपखल बसतो. मॉरिशस हे साम्राज्यातलं मधलं स्टेशन होतं. पेनांगहून या, सिलोनला जा. ब्रह्मदेशातून या, इंग्लंडला घरी जा. १८७० च्या दशकातला आर्थर फेअर असाच ब्रह्मदेशातून आला. त्याच्या काळात, १८७६ मध्ये, मॉरिशसनं चलन म्हणून रुपया घेतला. बेटावर इतके हिंदी मजूर आणि हिंदुस्थानशी इतका व्यापार, की पौंडात हिशेब ठेवणं परवडेना. आजही तिथे रुपयाच चालतो.

---

मोकाकर

नमस्कार मंडळी. मी मोरिशसमध्येच राहतो. माझे पूर्वज मुंबई बंदरातून आले. मराठी आमच्या घरात आहे, पण लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे गव्हर्नरांबद्दल बोलता. आमच्या लोकांना गव्हर्नर कधी दिसला नाही. त्यांना दिसला तो मळ्याचा सरदार (म्हणजे मुकादम), मग पोलीस, मग मॅजिस्ट्रेट. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. आम्ही तो दिवस आजही पाळतो, सरकारी सुट्टी असते. मध्ये १८३८ पासून काही वर्षं बंदी आली, कारण मजुरांचे हाल हिंदुस्थानात आणि लंडनमध्ये कळले. १८४२ ला परवानगी पुन्हा मिळाली: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. मुंबईचा वाटा त्यात दहावा हिस्साही नाही, म्हणून आमचा मराठी समाज लहान.

आता कायदा कसा चालायचा ते सांगतो. एक दिवस कामावर गेला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला 'डबल कट' म्हणायचे. आजारी असलात तरी. महिन्याचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही मालकाच्या कपाटात. पाच वर्षांचा करार संपला की माणूस 'जुना आप्रवासी' झाला, म्हणजे मोकळा. मळेवाल्यांना हे मोकळे लोक नको होते. मोकळा माणूस भाजी लावेल, गाय पाळेल, मजुरीला जास्त पैसे मागेल. म्हणून हेन्री बार्कली गव्हर्नर असताना १८६७ चा कायदा आला. जुन्या आप्रवाशानं फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायचा, तोही स्वतःच्या पैशानं. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पास. पास नसला तर भटक्या म्हणून अटक.

त्या वर्षी बेटावर हिवताप इतका पसरला होता की वर्षात तीस हजारांच्या वर माणसं मेली. बेटाची वस्ती साडेतीन लाखांच्या आतबाहेर. लोक घरात मरत होते आणि पोलीस रस्त्यात परवाना मागत होते. माझी पणजी सांगायची, परवाना चोळीत शिवून ठेवायचे.

गलबतवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सरळ वाटतं. गव्हर्नर आणि मळेवाला यांचं भांडण कधीकधी होतं. पण कायद्याच्या कागदावर सही गव्हर्नरचीच असायची.

---

रत्नांग्रीची_लेक

मोकाकर काका, तुमचं मराठी आमच्या अर्ध्या पुण्यापेक्षा चांगलं आहे.

मुंबईहून गेलेल्यांत आमच्याकडचे, रत्नागिरीचे, बरेच होते ना? इथे शेतं म्हणजे डोंगरउतारावरचे तुकडे, त्यात खोतांचा जाच. माणसं गिरण्यांच्याही आधीपासून मुंबईच्या वाटेला लागलेली. धक्क्यावर एखादा मुकादम भेटायचा आणि सांगायचा, पलीकडे बेट आहे, काम आहे. तिकडे अजून 'झाकरी' होते असं ऐकलं. आमच्या जाखडीचीच ना ती?

---

मोकाकर

होय ताई, झाकरी होते. गोल करून नाचतात, मध्ये ढोलकी. गणपतीत तर असतेच. कास्कावेल, वाक्वा, क्वात्र बोर्न इकडे मराठी घरं जास्त. गणेश चतुर्थी इथे सरकारी सुट्टी आहे. तुमच्याकडचं गाणं आणि आमचं गाणं एकच आहे का, हे मला कुणीतरी कधीतरी समोर बसून ऐकवायला हवं.

---

गलबतवाला

काका, तुमच्या प्रतिसादानं माझ्या धाग्याचा भाव वाढला. १८६७ च्या कायद्यावरून पुढे जे झालं ते सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचं एक संभाव्य उत्तर तिथेच आहे.

१८७१ मध्ये आद्रियां दे प्लेव्हित्झ नावाच्या एका मळ्याच्या कारभाऱ्यानं जुन्या आप्रवाशांची गाऱ्हाणी लिहून काढली. अर्जावर ९,४०१ सह्या आणि अंगठे. मळेवाल्यांचा इतका भडका उडाला की पोर्ट लुईच्या भर रस्त्यात त्याला मारहाण झाली आणि त्याला बेटावरून हाकला असा उलटा अर्ज गव्हर्नरकडे गेला. गव्हर्नर होता आर्थर गॉर्डन, पंतप्रधान अॅबरडीनचा मुलगा. तो नुकताच आला होता. त्यानं प्लेव्हित्झला हाकलायला साफ नकार दिला आणि पोलीस व आप्रवासी खात्याची चौकशी लावली. शेवटी लंडनहून रॉयल कमिशन आलं.

---

जुनाट_वकील

त्या कमिशनमध्ये आपला एक ओळखीचा आहे. दोघांपैकी एक विल्यम फ्रिअर, मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत आयुष्य काढलेला. मुंबईचा गव्हर्नर झालेला, फ्रिअर हॉलवाला बार्टल फ्रिअर तो वेगळा. या विल्यमला हिंदुस्थानी माणसाशी दुभाष्याशिवाय बोलता यायचं, आणि मॉरिशसच्या कित्येक मॅजिस्ट्रेटांना ते जमत नव्हतं.

१८७५ चा तो अहवाल वकिलाच्या नजरेनं वाचला तर मजा येते. फार बीभत्स गोष्टींवर त्याचा भर नाही. भर आहे रोजच्या कारभारावर: डबल कट कसा लावला जातो, पगार किती महिने थकतो, मॅजिस्ट्रेट मळ्यावर गेला की जेवतो कुणाकडे. छोट्या बेटावर न्यायाधीश मळेवाल्याच्या टेबलावर जेवतो, त्याच्या घोड्यावरून फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच मजुराचा खटला चालवतो. गव्हर्नर कितीही चांगला असो, त्याचा हुकूम या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचता पोचता थंड व्हायचा. नवा मजूर कायदा १८७८ मध्ये आला, तोवर गॉर्डन कधीच निघून गेला होता.

---

शंकासूर

थांबा, थांबा. गॉर्डनला हार घालायच्या आधी पुढचं पान उलटा.

मॉरिशसनंतर तो फिजीचा गव्हर्नर झाला, १८७५ मध्ये. तिथे त्यानं ठरवलं की फिजीच्या मूळ रहिवाशांना मळ्यांवर राबवायचं नाही, त्यांची जमीन आणि गावं राखायची. छान. मग उसाला मजूर कुठून? मॉरिशसमध्ये जे डोळ्यांनी पाहिलं, तेच हिंदुस्थानी करारी मजूर! १८७९ मध्ये 'लिओनिडास' जहाज कलकत्त्याहून फिजीला पोचलं ते याच साहेबाच्या धोरणातून. तुमचा नायक मॉरिशसमध्ये गिरमिटियांची बाजू घेतो आणि चार वर्षांत गिरमिटाची प्रथा नव्या बेटावर घेऊन जातो.

---

गलबतवाला

पण माझा प्रश्न चांगल्या माणसाचा नाहीच. मळेवाल्यांना वाकवणाऱ्याचा आहे. गॉर्डननं निदान मॉरिशसमध्ये ते करून दाखवलं.

---

शंकासूर

वाकवलं कुठे? तीन वर्षांत गडी बोटीत. तुमचाच नियम.

---

माईआत्या

भांडा सावकाश. मला सर जॉन पोप हेनेसीबद्दल लिहायचंय, कारण हा माणूस एकट्यानं एक धागा खाईल.

आयरिश, कॅथलिक, जिभेला लगाम नाही. लाबुआन, पश्चिम आफ्रिका, बहामा, बार्बाडोस, हाँगकाँग, जिथे गेला तिथे गोऱ्या व्यापाऱ्यांशी वाजलं. हाँगकाँगला त्याच्या नावाचा रस्ता आहे, पोर्ट लुईलाही आहे. १८८३ ला मॉरिशसला आला आणि 'मॉरिशस मॉरिशसवाल्यांचं' ही घोषणा त्याच्या नावाला कायमची चिकटली. त्यानं इंग्रज अधिकाऱ्यांना बाजूला सारून स्थानिकांना जागा दिल्या आणि १८८५ ची राज्यघटना आणली, ज्यात कौन्सिलवर पहिल्यांदा दहा सभासद निवडून आले.

लंडननं त्याच्या हाताखाली क्लिफर्ड लॉइड पाठवला. हा आयर्लंडमध्ये जमिनीच्या चळवळीतल्या शेतकऱ्यांवर वरवंटा फिरवून नाव (आणि शिव्या) मिळवलेला मॅजिस्ट्रेट. आयरिश स्वराज्याबद्दल आस्था असलेला गव्हर्नर आणि हा त्याचा सहायक, एकाच छोट्या बेटावर! काही महिन्यांत दोघांची तोंडं दोन दिशांना. केपहून सर हर्क्युलिस रॉबिन्सन चौकशीला आला आणि १८८६ च्या डिसेंबरात त्यानं हेनेसीलाच निलंबित केलं. हेनेसी लंडनला गेला, भांडला, जिंकला आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसला. १८८९ पर्यंत होता. फ्रेंच वंशाचे आणि क्रिओल (मिश्र वंशाचे) पुढारी त्याला डोक्यावर घेऊन नाचले.

---

अर्धाकप

लॉइडसारखा सहायक आणि हेनेसीसारखा साहेब एकाच कार्यालयात. आमच्याकडे दर बदलीच्या मोसमात हेच होतं, फक्त रॉबिन्सन येत नाही.

---

जुनाट_वकील

हेनेसीच्या राज्यघटनेतल्या मतदारांचा आकडा बघा आणि मग 'मॉरिशसवाले' कोण ते ठरवा. १८८६ च्या निवडणुकीत मतदार सुमारे चार हजार, त्यात हिंदी वंशाचे २९५. तेव्हा बेटावरची दोन तृतीयांश वस्ती हिंदी होती. मिळकत आणि पगाराची अट अशी की उसाच्या शेतात राबणारा आत येणारच नाही.

म्हणजे गॉर्डन मजुरांच्या बाजूनं आणि म्हणून मळेवाल्यांना नकोसा. हेनेसी मळेवाल्यांच्या मुलांच्या आणि वकिलांच्या बाजूनं आणि म्हणून इंग्रजांना नकोसा. दोघेही 'बंडखोर गव्हर्नर' म्हणून एकाच यादीत बसवतात, ते मला पटत नाही.

---

नर्मदेहर

जुनाटरावांशी सहमत.

हिवतापाचा विषय निघाला म्हणून: त्या साथीनंतर पोर्ट लुईतली पैसेवाली मंडळी थंड हवेच्या क्युरपीपकडे सरकली आणि राजधानीचं रूपच बदललं. १९०७-०८ मध्ये हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधणारा खुद्द रोनाल्ड रॉस डासांचा बंदोबस्त सुचवायला मॉरिशसला आला होता. डबकी बुजवा, गटारं काढा, यादी मोठी होती. हिवताप खरा आटोक्यात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आल्यावर.

---

माईआत्या

आणि गांधी राहिलेच की! १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींची बोट पोर्ट लुईला थांबली. तेव्हाचे गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांनी त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं, एक रात्र ते साहेबाच्या घरी राहिले. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर मॉरिशसला गेले, कोर्टात मजुरांचे खटले लढले आणि 'हिंदुस्तानी' नावाचं पत्र काढलं.

---

मोकाकर

दोन दिवस आलो नाही तर इतकं लिहून झालं.

पुढच्या काळाचं मी सांगतो, कारण ते आमच्या घरात ऐकलेलं आहे. १९३७ मध्ये छोट्या हिंदी शेतकऱ्यांनी 'उबा' नावाचा ऊस लावला होता. गिरण्यांनी त्याला पंधरा टक्के कमी भाव दिला. ऑगस्टमध्ये दंगे झाले आणि युनियन फ्लॅकच्या मळ्यावर गोळीबारात चार माणसं मेली. त्यानंतर बीड क्लिफर्ड गव्हर्नर म्हणून आला. त्यानं मजूर खातं उभं केलं, मजुरांच्या संघटनांना कायद्यात जागा दिली. आणि १९३८ मध्ये गोदी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांचा पुढारी इमॅन्युएल आंकेतील याला जहाजात घालून रॉड्रिग्स बेटावर पाठवून दिलं. एक हात पुढे, एक हात मागे, हे शंकासूर यांनी फार्क्वारबद्दल वाचलंच आहे.

२७ सप्टेंबर १९४३ ला बेल व्ह्यू हारेलला पोलिसांनी संपावरच्या मजुरांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अंजली कुपेन होती, गरोदर. तिच्या नावाचं स्टेडियम आज तिथे आहे. गव्हर्नर होता मॅकेंझी-केनेडी. पुन्हा कमिशन, पुन्हा अहवाल. पण याच गव्हर्नरच्या काळात १९४७ ची राज्यघटना झाली, ज्यात लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला मत मिळालं. बिसुनदयाल बंधूंनी गावोगाव वर्ग काढून लोकांना सही करायला शिकवलं. मतदार बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेले. १९४८ च्या निवडणुकीत मळेवाल्यांचा कौन्सिलवरचा हात सुटला.

तर मळेवाल्यांना वाकवलं कुणी? त्या रात्रशाळांनी.

---

रत्नांग्रीची_लेक

काका, टाळ्या.

---

शंकासूर

काकांशी वाद नाही. धागाकर्त्याशी आहे, अजून.

गलबतवाला, तुमच्या मांडणीत लंडन कुठेच नाही. गव्हर्नर दुबळा होता कारण तो दूर होता. १८३२ मध्ये पत्राला लंडन गाठायला तीन-तीन महिने लागायचे, उत्तराला तेवढेच. तोवर मळेवाल्यांनी जे करायचं ते करून झालेलं असायचं. समुद्राखालची तार मॉरिशसला पोचली १८९३ मध्ये. त्यानंतर गव्हर्नरला मळेवाल्यांपेक्षा लंडनच्या तारेची भीती जास्त.

आणि लंडननं खरंच मनावर घेतलं की काय होतं ते चागोसमध्ये दिसलं. १९६५ मध्ये, शेवटचा गव्हर्नर जॉन शॉ रेनी ल रेद्वीत असताना, लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू होत्या. त्याच सुमारास चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, तीस लाख पौंड भरपाई देऊन, आणि ८ नोव्हेंबरला नवी वसाहत जाहीर. दिएगो गार्सियाचा तळ अमेरिकेला हवा होता. पुढच्या काही वर्षांत तिथली सगळी माणसं उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून टाकली. तिथे नाही चाळीस दिवसांचा बंद आडवा आला, नाही कौन्सिल. साखरेशी ज्याचा संबंध नव्हता, तिथे साहेबाचं राज्य अगदी बिनचूक चाललं.

---

गलबतवाला

हा मुद्दा भारी आहे आणि मला तो पचवायला वेळ लागेल. तरी माझं म्हणणं पूर्ण मोडलं असं मानत नाही. साखरेच्या बाबतीत लंडनचंही पोट मळेवाल्यांच्या पोटाशी बांधलेलं होतं. वसाहतीचा खर्च वसाहतीनंच भागवायचा हा नियम, आणि तिजोरीत पैसा साखरेचा. पीक बुडालं की कारकुनाचा पगार अडतो. अशा गव्हर्नरनं कुणाला वाकवायचं?

---

तिकीटवेडा

सेशेल्सचं नाव आलं म्हणून: १९०३ पर्यंत ती बेटंही मॉरिशसच्या गव्हर्नरच्या अखत्यारीत होती. त्यांची सुरुवातीची टपाल व्यवस्था हा एक स्वतंत्र... बरं, नको. कुणाला हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

रत्नांग्रीची_लेक

शेवटचा प्रश्न, काका. आमच्या वाडीत एका घरातला माणूस 'मिरच देशाला', म्हणजे मॉरिशसला, गेला आणि परतला नाही असं म्हातारे सांगतात. नाव माहीत आहे, साल अंदाजे. त्याचा पत्ता लागू शकतो का?

---

मोकाकर

लागू शकतो, ताई. मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, आप्रवासी खात्याच्या जुन्या वह्या तिथे ठेवल्यात. प्रत्येक मजुराला बंदरात एक नंबर मिळायचा. वहीत नंबर, नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, जात, जहाज आणि कुठल्या मळ्यावर गेला ते असतं. नंतरच्या काळातल्या कित्येकांचे फोटोही आहेत. नावं कारकुनांनी ऐकू आली तशी लिहिली, त्यामुळे 'रामजी'चं काय झालं असेल सांगता येत नाही. तुम्ही नाव, बापाचं नाव, गाव आणि तालुका व्यनितून पाठवा. साल नक्की नसलं तर साधारण कुणाच्या लग्नाआधी की नंतर, तेही लिहा. पुढच्या आठवड्यात मला मोक्याला जायचंच आहे.